चंद्रभागेकाठचा हिवाळा : एक नगरपरिषद, दोन लोकसंख्या

कार्तिक शुद्ध दशमीच्या रात्री पंढरपुरात फिरणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर उमजते. या गावात त्या रात्री जमीन म्हणून शिल्लक राहिलेली नसते. मठ, धर्मशाळा, घरांचे ओटे, दुकानांच्या पायऱ्या, बसस्थानकाचे आवार, नदीचे घाट, जिथे पाठ टेकता येईल तिथे घोंगडी किंवा चादर अंथरलेली असते. नोव्हेंबरची थंडी पडू लागलेली असते. नदीवरून येणारा वारा पहाटे अंगाला झोंबतो. तरीही टाळ थांबत नाहीत. आणि या सगळ्या गर्दीतून, कोणाच्या पायाला धक्का लागणार नाही अशा बेताने, हातात लांब दांड्याचा झाडू घेतलेली माणसे पुढे सरकत असतात. ती नगरपरिषदेची माणसे होत.

पंढरपूर म्हटले की आषाढी डोळ्यांपुढे येते. ते स्वाभाविकही आहे. पालख्यांचा सोहळा, पावसात भिजलेला पालखीमार्ग आणि मुख्यमंत्र्यांच्या हस्ते होणारी शासकीय महापूजा यांची छायाचित्रे दरवर्षी सर्वत्र झळकतात. परंतु एखादे लहान शहर आपला कारभार कसा चालविते हे पाहावयाचे असेल तर पंढरपुरास हिवाळ्यात जावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वर्षातील चार मुख्य वाऱ्यांपैकी कार्तिकी आणि माघी या दोन वाऱ्या याच ऋतूत येतात. त्या दोहोंच्या मधल्या काळात शहर आपले स्वतःचे आयुष्य जगते. करवसुलीचा मोसम आणि अंदाजपत्रकाची तयारीही याच महिन्यांतील.

२०११ च्या जनगणनेनुसार पंढरपूर शहराची लोकसंख्या एक लाखाच्या किंचित आत होती. ही झाली पहिली लोकसंख्या, म्हणजे मतदार यादीत असणारी, घरपट्टी व पाणीपट्टी भरणारी, नगरसेवकाला दारात अडवून गटारीविषयी विचारणारी. दुसरी लोकसंख्या चार दिवसांसाठी येते आणि जाते. ती काही लाखांची असते. तिचे नाव कोणत्याही नोंदवहीत नसते, तिच्याकडून कर आकारता येत नाही, पण पाणी तिलाही लागते, दिवा लागतो, शौचालय लागते, आजारी पडल्यास दवाखाना लागतो. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा कायदा पंढरपुरास लागू आहे आणि तोच सर्व नगरपरिषदांनाही लागू आहे. मात्र इतर गावांचे मुख्याधिकारी एका गावाचा हिशेब ठेवतात, येथील मुख्याधिकाऱ्यांस दोन गावांचा ठेवावा लागतो.

हा हिशेब किती अवघड आहे हे समजण्यासाठी एक साधे गणित मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. भुयारी गटार असलेल्या शहरात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरले जाते. एक लाख रहिवाशांसाठी ते १ कोटी ३५ लाख लिटर होते. आता पाच लाख यात्रेकरू आले आणि प्रत्येकाने आंघोळ नदीवर उरकून पिण्यासाठी व इतर गरजेपुरते अवघे २० लिटर पाणी वापरले, तरी आणखी १ कोटी लिटर पाणी हवे. म्हणजे ज्या पंपांवर, टाक्यांवर आणि नळांवर शहर वर्षभर चालते, त्यांच्यावर चार दिवस जवळजवळ पाऊणपट भार वाढतो.

शौचालयांचे गणित तर याहून कठोर आहे. एका आसनाचा वापर एका माणसामागे १० मिनिटे धरला, तर तासाला सहा माणसे आणि पहाटेच्या चार तासांत २४ माणसे होतात. आलेल्यांपैकी निम्म्या लोकांची, म्हणजे अडीच लाखांची, सोय करावयाची झाल्यास दहा हजारांहून अधिक आसने लागतील. एक लाख वस्तीच्या कोणत्याही गावाला एवढी आसने कायमची बांधून वर्षभर राखणे परवडणारे नाही. म्हणून फिरती शौचालये आणावी लागतात, ती ठेवण्यास जागा शोधावी लागते, त्यांना पाणी जोडावे लागते आणि त्यांतील मैला वेळच्या वेळी उपसून न्यावा लागतो. यातील शेवटची गोष्ट चुकली की आधीच्या साऱ्या गोष्टी व्यर्थ जातात.

ही चूक पूर्वी वर्षानुवर्षे होत होती, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. वारी सरली की नदीचे वाळवंट आणि शहराच्या कडेचे रस्ते यांवरील घाण हातांनी उचलण्याचे काम सफाई कामगारांच्या वाट्याला येत असे. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेतून पटकीच्या साथी पसरत आणि यात्रेकरू परत जाताना ती लागण आपापल्या गावी नेत. पटकी आटोक्यात आली, पण माणसाने माणसाची विष्ठा उचलण्याची प्रथा स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके टिकून राहिली. २०१३ मध्ये केंद्र शासनाने या प्रथेवर बंदी घालणारा व त्यात गुंतलेल्यांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा नवा कायदा केला. पंढरपूरच्या वारीतील परिस्थितीविषयीची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली आणि न्यायालयाने शौचालयांची व्यवस्था व नदीपात्राची स्वच्छता यांबाबत शासनास व नगरपरिषदेस वेळोवेळी आदेश दिले. वाळवंटात तंबू व राहुट्या उभारण्यावरही बंधने आली. त्यातूनच नदीच्या पलीकडच्या तीरावर ६५ एकर जागेत दिंड्यांच्या निवासाची सोय विकसित झाली. ‘भक्तिसागर’ असे तिचे नाव असले तरी लोकांच्या तोंडी ‘पासष्ट एकर’ हेच नाव रुळले आहे. वाळवंट सोडून पलीकडे जावयाचे ही कल्पना पहिल्याने अनेक दिंड्यांना रुचली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या जिथे आपल्या फडाचे कीर्तन झाले ती जागा सोडणे सोपे नसते. आज मात्र पलीकडील तळावर नळ, दिवे, शौचालये आणि दवाखाना असल्याने दिंडीप्रमुख आपल्या भूखंडाची नोंद करण्यासाठी आधीपासून धडपडतात.

हिवाळ्यातील वाऱ्यांचा यात्रेकरूही काहीसा निराळा असतो. कोकणातील शेतकरी आषाढात भातलावणीत अडकलेला असतो. त्याला मोकळीक मिळते ती कापणी उरकल्यावर. त्यामुळे कार्तिकी आणि माघी या वाऱ्यांना कोकणातील दिंड्या मोठ्या संख्येने दिसतात. सर्द हवेतून आलेल्या या मंडळींना माणदेशाकडची कोरडी थंडी बाधते. यात्राकाळातील तात्पुरत्या दवाखान्यांत खोकला, दमा आणि पायांच्या भेगा यांचे रुग्ण पुष्कळ असतात. वृद्धांचे प्रमाण अधिक असल्याने हृदयविकाराच्या रुग्णासाठी गर्दीतून रुग्णवाहिका कशी काढावयाची, हा पोलीस व आरोग्य यंत्रणेपुढील नेहमीचा प्रश्न. त्यासाठी काही रस्ते पूर्ण मोकळे राखले जातात. अतिक्रमण हटविण्याची जी मोहीम यात्रेपूर्वी होते, तिच्याविषयी किरकोळ विक्रेत्यांचा रोष असतो. पण तिचे खरे कारण या रुग्णवाहिका होत.

पाण्याच्या बाबतीत आरोग्य विभागाचा कटाक्ष अधिक असतो. विहिरी, हातपंप, टँकर, उपाहारगृहांच्या टाक्या यांतील पाण्याची तपासणी यात्रेपूर्वीच सुरू होते. नळाच्या शेवटच्या टोकाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे, हा दंडक ग्रामपंचायत सदस्यांना परिचित आहेच. ज्या गावांत अजूनही टीसीएल पावडर अंदाजाने विहिरीत टाकली जाते आणि नोंदवहीत मात्र दररोज सही होते, त्या गावांच्या सरपंचांनी एखाद्या कार्तिकीस येथील आरोग्य सेवकाबरोबर सकाळचे दोन तास हिंडून पाहावे. काचेच्या नळीत औषधाचे थेंब टाकून पाण्याला पिवळा रंग येतो की नाही हे तो दर काही अंतरावर पाहतो. जिथे रंग येत नाही तिथला नळ त्याच क्षणी बंद होतो. यात समजुतीची भाषा नसते.

नदीचे गणित शहराच्या हातात नाही, ते उजनीच्या हातात आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून पंढरपूरच्या चंद्रभागेला पाणी किती हे पाटबंधारे विभाग किती सोडतो यावर अवलंबून असते. वारीपूर्वी काही दिवस पाणी सोडण्याविषयी पत्रव्यवहार होतो. पाणी कमी पडले तर भाविकांना साचलेल्या पाण्यात स्नान करावे लागते. अधिक आले तर वाळवंट बुडते आणि अंदाज न आलेली माणसे खोल जागी जातात. वाळू उपशामुळे पात्रात पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत, म्हणून घाटांवर होड्या व जीवरक्षक ठेवावे लागतात. धरणाचा दरवाजा आणि घाटाची पायरी यांत बरेच अंतर आहे व पाणी ते अंतर आपल्या वेळेने कापते. हा वेळेचा अंदाज बांधण्याचे कौशल्य कागदावर कुठे लिहिलेले नाही, ते जुन्या कर्मचाऱ्यांच्या अनुभवात आहे.

कार्तिकी एकादशीची शासकीय महापूजा उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते होण्याचा प्रघात आहे. २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता असल्याने ती पुणे विभागीय आयुक्तांनी केली. या पूजेत दर्शनरांगेतील एका वारकरी दांपत्यास सहभागी होण्याचा मान मिळतो. यात्रेच्या काळात वाखरी येथे जनावरांचा बाजारही भरतो. खिलार जातीच्या खोंडांची पारख करणारे शेतकरी दोन-दोन दिवस तिथे मुक्कामास असतात. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगामुळे राज्यातील जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, तेव्हा एकादशीइतकीच या बाजाराची वाट पाहणारी माणसे किती आहेत हे अनेकांच्या ध्यानात आले.

पौर्णिमेनंतर गर्दी ओसरते. मग पंढरपूर पंढरपूरकरांचे होते.

या शहरातील हिवाळ्याचा खरा गोडवा मार्गशीर्षात आहे. बाहेरच्या लोकांना याची कल्पना नसते. मार्गशीर्ष महिन्यात विठ्ठल मंदिरात नसतो, तो नदीकाठी विष्णुपदावर राहावयास गेलेला असतो, अशी येथील श्रद्धा आहे. त्यामुळे सबंध महिनाभर गावातील कुटुंबे डबे बांधून विष्णुपदाकडे निघतात. कोणी घाटावरून होडीने जातात, कोणी चालत. बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि दही असा बेत असतो. शाळांच्या सहली, बँकेतील कर्मचारी, महिला मंडळे, गल्लीतील तरुणांचे गट, सर्वांची वनभोजने तिथेच. अमावास्येला देव वाजतगाजत गावात परत आणला जातो. चार लाख पाहुण्यांची उस्तवार करून थकलेले गाव आपल्याच देवाबरोबर महिनाभर सहलीस जाते, असे म्हणावयास हरकत नाही. या महिन्यात नगरपरिषदेचे काम एवढेच, की विष्णुपदाच्या वाटेवर दिवे लावणे आणि पत्रावळ्यांचा ढीग रोजच्या रोज उचलणे. पत्रावळीच्या जागी थर्मोकोलची ताटे आल्यापासून हे दुसरे काम जड झाले होते. राज्यात २०१८ मध्ये अशा वस्तूंवर बंदी आली, तरी ती सर्वस्वी हद्दपार झाली असे म्हणता येणार नाही.

धुंधुरमासातील पहाटेचे जेवण, संक्रांतीला रुक्मिणीमातेच्या मंदिरात वाणवशासाठी लागणारी स्त्रियांची रांग आणि वसंतपंचमीचा विठ्ठल-रुक्मिणीचा विवाह सोहळा हे पुढचे टप्पे. संक्रांतीच्या दिवशी मंदिराभोवतालच्या चिंचोळ्या गल्ल्यांत स्त्रियांची जी दाटी होते ती कार्तिकीच्या दर्शनरांगेहून वेगळी असते. ती जिल्ह्यातीलच असते आणि सायंकाळी घरी परतते. मंदिर परिसराच्या विकासाचा जो आराखडा गेली काही वर्षे चर्चेत आहे, त्याचा विचार या गल्ल्यांच्या संदर्भात करावा लागतो. गल्ल्या रुंद झाल्या तर दाटी सुसह्य होईल, हे खरे. त्या गल्ल्यांत ज्यांची घरे व बुक्का, तुळशीमाळा, चुरमुरे विकण्याची दुकाने आहेत त्यांची काळजीही तितकीच खरी आहे. २०२० मध्ये करोनामुळे आषाढी व कार्तिकी या वाऱ्या मोजक्या लोकांत प्रतीकरूपाने पार पडल्या, तेव्हा या दुकानदारांनी वारीविना गाव कसे असते ते अनुभवले आहे. वाऱ्यांचे थोडे दिवस त्यांची वर्षाची मिळकत ठरवितात.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे उचित ठरेल. मंदिराकडे येणारे दान म्हणजे गावाचे उत्पन्न, असे अनेकांना वाटते. शाळेतील मुलांना नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांनाही कधीकधी तसे वाटत असल्याचे आढळले. पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ अन्वये मंदिराचा कारभार शासननियुक्त समितीकडे आहे. बडवे व उत्पात यांच्या हक्कांविषयीचा दीर्घकाळ चाललेला वाद २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपला. समितीचा पैसा मंदिराचा व भाविकांच्या सोयीचा असतो. रस्त्यावरचा दिवा, नळ आणि घंटागाडी यांचा खर्च नगरपरिषदेच्या निधीतून होतो. त्या निधीत मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजार शुल्क, गाळ्यांचे भाडे आणि शासनाची अनुदाने यांचा समावेश असतो. वाऱ्यांसाठी शासन स्वतंत्र यात्रा अनुदान देते, परंतु इतर बहुतेक अनुदानांच्या वाटपाचा मुख्य आधार जनगणनेतील लोकसंख्या हाच असतो. आणि जनगणना पाहुण्यांना मोजत नाही.

झाडूवाल्यांविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. वारी संपते त्या दिवशी दिंड्यांची पाठ वळते आणि त्यांच्या कामाला खरा आरंभ होतो. बाहेरून हंगामी कामगार घ्यावे लागतात, पण गावाची नस माहीत असते ती कायम कामगारांना. कोणत्या बोळात गटार तुंबते, कोणत्या धर्मशाळेमागे कचरा साठतो, हे त्यांस विचारावे. एका माघीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे घाटावर भेटलेल्या मुकादमास थंडीविषयी विचारले असता तो म्हणाला, “साहेब, झाडू हातात घेतला की अर्ध्या तासात घाम येतो. थंडी वाजते ती काम संपल्यावर, ओले कपडे अंगावर वाळताना.” हातमोजे आणि गमबूट यांची खरेदी अंदाजपत्रकात असते, पण ती वेळेवर होते का, आणि बुटांचे माप घेऊन होते का, हे पाहणे आरोग्य समितीचे काम आहे. मापाचे नसलेले बूट कामगार घालत नाहीत आणि मग ‘साहित्य देऊनही वापरत नाहीत’ असा शेरा पडतो. सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीचा हक्क देणाऱ्या लाड-पागे समितीच्या शिफारशी आणि त्यांच्या घरांसाठीची श्रमसाफल्य आवास योजना यांची माहिती स्वतः कामगारांपर्यंत पोहोचविण्यासही नगरसेवकांना वाव आहे.

गाडगे महाराजांचे नाव या संदर्भात निघतेच. ते मंदिरात फारसे रमले नाहीत, वाळवंट झाडीत राहिले. पंढरपुरात त्यांनी उभारलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. दरवर्षी त्या दिवशी स्वच्छता मोहिमा होतात. त्यांत छायाचित्रापुरता झाडू धरणारे असतात, तसेच दुपारपर्यंत थांबणारेही असतात.

२०२५ च्या डिसेंबरात मार्गशीर्ष अमावास्या, ही पुण्यतिथी आणि नगरपरिषद निवडणुकांची मतमोजणी हे सारे दोन-तीन दिवसांतच आले. याआधीची निवडणूक २०१६ च्या हिवाळ्यात झाली होती. सभागृहाची मुदत संपल्यावर काही वर्षे प्रशासकांचा कारभार होता. या काळात वाऱ्या झाल्या, नळांना पाणीही आले. परंतु गल्लीतील दिव्याविषयी कोणाला सांगावे असा प्रश्न सामान्य माणसाला पडत असे. अर्ज देता येतो, पण अर्जाला दारात अडवता येत नाही. २१ डिसेंबर २०२५ रोजी राज्यभर निकाल लागले आणि थेट जनतेतून निवडलेले नगराध्यक्ष पुन्हा खुर्चीवर आले. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असल्याने संक्रांतीच्या हळदीकुंकवात यंदा पाणीपुरवठ्याच्या वेळेची चर्चा रंगली असेल तर नवल नाही.

नव्या सभागृहापुढे पहिली वारी माघीची आली. एकादशी २९ जानेवारी २०२६ रोजी होती, म्हणजे निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत. नव्या सदस्यांसाठी ही एक प्रकारे प्रशिक्षणाची वारी होय. माघी ही कार्तिकीहून लहान, नदीत पाणी कमी आणि थंडी उतरणीला लागलेली. त्यातही ज्यांनी पहाटे घाटावर जाऊन फिरती शौचालये उघडून पाहिली, त्यांना अंदाजपत्रकातील लेखाशीर्षे वाचताना सोपे जाईल. मालमत्ता कराच्या थकबाकीची वसुली याच वेळी जोरात असते. वसुली पथके दारोदार हिंडतात, नळजोडणी तोडण्याच्या नोटिसा निघतात. निवडणुकीत मते मागितलेल्या घरीच थकबाकीची पावती घेऊन जावयाचे, ही नव्या नगरसेवकाची अडचण समजण्यासारखी आहे. पण घरपट्टी वसूल झाली नाही, तर पुढच्या वारीसाठी भाड्याची शौचालये कशाच्या जोरावर आणावयाची, हाही प्रश्न त्याच्याच टेबलावर येतो.

अंदाजपत्रकाची विशेष सभा फेब्रुवारीअखेरपर्यंत व्हावी लागते. त्या सभेत खर्चाच्या एका बाजूस एक लाख माणसांचे रस्ते, शाळा, दवाखाना आणि स्मशानभूमी मांडलेली असते आणि दुसऱ्या बाजूस चार वाऱ्या. कोणत्या बाजूचा रुपया कोणत्या बाजूस वळवावयाचा यावर वाद होतात, ते व्हावेतही. ठराव मंजूर होऊन कागद जिल्हाधिकारी कार्यालयाकडे रवाना होतात तेव्हा दुपारचे ऊन तापू लागलेले असते, घाटावरील पाणी आणखी एक पायरी खाली गेलेले असते, आणि चैत्री वारी जेमतेम एका महिन्यावर आलेली असते.